न दुखणारी गाठ

आत्या मला भोंगा म्हणते. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. माझं तोंड उघडलं ते तिच्या चाकाशेजारी बसून. चाकाच्या घरघरीवर आवाज चढवल्याशिवाय तिला काही ऐकूच जायचं नाही!

आत्या मातीची भांडी घडवते. कप, बरण्या, माझ्या कमरेपर्यंत येणारे रांजण. हातमोजे घाल म्हटलं की म्हणायची, "मोजे घालून कुणी बाळाचे गाल कुरवाळतं का गं?" माती कापायची तार लागून हात चिरला, बांबूची चोय रुतली, की ती त्यावर सरळ ओल्या मातीचा लेप दाबायची. रक्त थांबायचं. तिला शिकवणाऱ्या बाईही तेच करायच्या, आणि इथले सगळे कुंभारही तेच करतात.

उजव्या तळव्यावर गाठ आली तेव्हा बाबा म्हणाले, "ताई, डॉक्टरांना दाखव."

"दुखत नाही रे."

"दुखत नाही म्हणून दाखवायचं नाही?"

"दुखतं ते माझं डोकं, तुझ्यामुळे. तुलाच घेऊन जाते आणि दाखवते!"

आम्ही हसलो. मी तर सगळ्यात मोठ्याने.

मग दुसरी गाठ आली, तिसरी आली. त्यांना तोंडं पडली आणि त्यातून काळे काळे दाणे यायला लागले, मोहरीहूनही बारीक. तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली.

"ही बुरशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मातीत असते. जखमेतून आत शिरते आणि वर्षानुवर्षं सावकाश पसरते. हातावर झालेली मी फार क्वचित पाहिली आहे. ती दुखत नाही, हीच तिची लबाडी."

आत्या स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. "म्हणजे मीच आत भरली," ती म्हणाली.

वर्षभर गोळ्या झाल्या. एकही चुकू दिली नाही मी, पोलिसासारखी समोर उभी राहायचे. तरीही नव्या एक्स-रे फोटोत बोटांची हाडं जाळीसारखी दिसली. मनगटाच्या वरून हात काढावा लागेल, असं ठरलं.

मी उठलेच. आता माझ्या तोंडाचा उपयोग नाही करायचा, तर कधी? गोळ्या बदलून बघा, डोस वाढवा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, ती कुंभार आहे हो, तिचा उजवा हात आहे तो! डॉक्टरबाईंनी मला एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"हे सगळं करून झालंय, बाळा," त्या म्हणाल्या. "आता थांबलो तर कोपर जाईल. मग खांदा."



"त्याच्याऐवजी डावा घेता का?" आत्याने विचारलं. "तसा धडधाकट आहे, आणि आळशीही." डॉक्टरबाई हसल्या नाहीत. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

ऑपरेशननंतर मला आत सोडलं, तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती. उजव्या बाजूला बँडेजचा जाड गोळा, आणि त्याच्यापुढे नुसती चादर. सपाट.

"भोंग्या, आलीस?"

"हो गं."

"बोटांवर माती वाळलीये बघ. सगळी ताणल्यासारखी झालीयेत. धुऊन दे ना."

"कुठली बोटं, आत्या?" मी विचारलं. तिने डाव्या हाताने त्या सपाट चादरीकडे दाखवलं.

डॉक्टरबाईंपुढे भाषण केलेल्या या तोंडाने मला तिला खरं सांगता आलं नाही. नर्सकडून मी कोमट पाण्याचं भांडं घेतलं, चादरीवर टॉवेल अंथरला आणि ओल्या फडक्याने हवेतच चोळत राहिले. आधी अंगठा, मग एकेक बोट.

"नखांतली काढ," डोळे मिटूनच ती म्हणाली.

मी नखांतलीही काढली.