भागीने सांगितलेला शब्द

पंकजने पहिला सिनेमा केला तो थोरल्या भावाच्या, साईनाथच्या मरणावर. मुरबाड तालुक्यात म्हसा गावाजवळचं स्वतःचंच घर, मित्राचा कॅमेरा आणि भातझोडणी उरकून मोकळी झालेली गावातली माणसं. साईनाथ मोटारसायकलवरून पडला, दवाखान्यात मशीनवर राहिला आणि शेवटी ते मशीन काढलं, एवढीच गोष्ट. सिनेमात ‘काढा’ असं बाप सांगतो. खरं तर बाप केव्हाच वारला होता. डॉक्टरांना सांगितलं होतं ते आईने, भागीने.

हे भागी आणि पंकज या दोघांनाच ठाऊक होतं. साईनाथची बायको प्रियांका तेव्हा वॉर्डच्या बाहेर होती. तो आपणहून गेला, असं तिला सांगितलं. कार्य आटोपल्यावर ती मुलीला घेऊन माहेरी, आटगावला राहायला गेली.

सिनेमा पुरा झाल्यावर पंकजने आईला लॅपटॉपवर दाखवला. बाप ‘काढा’ म्हणाला, तशी भागी म्हणाली, “थांबव. ह्यो कोन? मी बोलले होते ना?”

“तुझ्यावर काय यायला नको म्हणून बदललं. वहिनी बघेल ना, आई.”

“तो शब्द बोलताना माझ्या जिवाचं काय झालं, ते मला म्हायती. तू दुसऱ्याच्याच तोंडात घातलास.”

पंकजने लॅपटॉप मिटला. भागी म्हणाली, “आधी तिला सांगायला लागंल. चल.”

मुरबाडहून शहापूर, तिथून आटगाव. प्रियांका ओटीवर शेंगा निवडत बसली होती. तिने पुढे केलेलं पाणीही भागीने घेतलं नाही.

“साईनाथ आपनहून नाय गेला गो. डॉक्टर बोलला, आता नुसती छाती हलतेय. मी बोलले, काढा.”

प्रियांकाचे हात थांबले. “मला का नाय विचारलंत?”

“तू हो बोलली असतीस, तर जलमभर जळली असतीस.”

“आनि नाय बोलले असते तर?”

भागी सुपातल्या शेंगांकडे बघू लागली.

“मी दारातच होते, आई. एकदा आत बोलवायचं होतंत. तो गरम असताना हात धरला असता त्याचा.”

भागीने तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला. प्रियांका मागे सरली. “तुमी वाईट केलंत असं मी नाय म्हनत. पन आता जा.”

परतीच्या एसटीत भागी पदर तोंडात धरून रडली. साईनाथ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

“नको आपल्याला तो सिनेमा,” पंकज म्हणाला.

“आता कुनापासून लपवायचं? कर. पन खरा कर.”

तो प्रसंग पुन्हा चित्रित केला. आईचं काम भागीनेच केलं. ‘काढा’ म्हणून झाल्यावरही ती तशीच उभी राहिली. थांब म्हणायचं पंकजला सुचेना.

शहापूरच्या एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. लोक पंकजचा हात हातात घेऊन डोळे पुसत होते. प्रियांका आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र ती मुलीला आजीकडे सोडायला आली. कपड्यांची पिशवी तिने उंबऱ्याबाहेरूनच दिली.

“आत ये गो,” भागी म्हणाली.

“आज नको, आई.” मुलीच्या केसांवरून हात फिरवून ती वळली. भागी पिशवी हातात धरून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. नात तिचा पदर ओढत होती, “आजी, भूक लागली.”