गोणपाटाच्या खुर्चीचा फोटो

हो, मीच बोलतेय, खुर्चीवाल्यांची वेबसाइट. दचकू नका. दिवसभर लोक मला बोटानं वर-खाली ढकलतात, पण माझी विचारपूस कुणी करत नाही. म्हणून आज स्वतःच तोंड उघडलं.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडता निवडता झाला. बाबांचं वेताच्या खुर्च्या विणून देण्याचं दुकान. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि गिऱ्हाईक आटलं. "सहा महिने बघतो, नाहीतर दुकान बंद," बाबा म्हणाले. लेकीनं ते मनाला लावून घेतलं आणि मला घडवलं. दुरुस्तीला आलेल्या फाटक्या आणि नव्यानं विणलेल्या, अशा सगळ्या खुर्च्यांचे फोटो लावले. काय नटले होते म्हणून सांगू!

पण बाबांची एक रीत होती. खुर्ची दुकानातून गेली की तिचा फोटो पुसून टाकायचा. माझ्यातलं तेवढं एकच बटण त्यांना कळलं होतं. "ती आता लोकांच्या घरातली वस्तू. आपण कशी चारचौघांत मांडायची?" असं ते पुटपुटत. झालं! दुरुस्त झालेली प्रत्येक खुर्ची माझ्यावरून नाहीशी झाली आणि उरल्या त्या फाटक्या बैठकीच्या, दुकानात पडून असलेल्या. एकानं तर फोन करून विचारलं, "मोडक्या खुर्च्या काय भावानं देता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या महिन्यात हे लेकीच्या लक्षात आलं.

"अहो बाबा, लोकांनी काय बघून यायचं?"

"आणि ज्यांच्या खुर्च्या, त्यांना विचारलं होतंस तू?"

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत.

दुसऱ्या दिवशी लेक बाबांच्या खुर्चीपाशी थांबली. बाबांनी जन्मभर इतरांच्या खुर्च्या विणल्या, पण त्यांची स्वतःची बैठक फाटून कितीतरी वर्षं झाली होती. वर गोणपाटाची घडी टाकून भागत होतं. "ही तर आपल्याच घरातली ना?" म्हणत तिनं फोटो काढला आणि विणायला बसली, आयुष्यात पहिल्यांदा. बाबा शेजारी स्टुलावर. "ओढ. अजून ओढ. सैल राहिलं तर झोळी होईल." चार दिवस लागले.

फाटकी, अर्धी विणलेली आणि पूर्ण, असे तिन्ही फोटो लागले. तेव्हा तिला दिसलं, कोपऱ्यातली वेताची एक पट्टी चुकली होती.

"शी! पुसून टाका हो बाबा. पुन्हा विणते."

बाबांनी मोबाइल हातात घेतला. ते बटण त्यांना झोपेतही सापडलं असतं. मी जीव मुठीत धरून बसले. त्यांनी खुर्चीतल्या त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "राहू दे. तुझं पहिलं काम आहे."

त्याच आठवड्यात एका शिक्षिकेचा फोन आला. "त्या गोणपाटवाल्या खुर्चीसारखीच माझ्या वडिलांची आहे. होईल का हो नीट?" मग आणखी दोघांचा. सहावा महिना आला नि गेला, दुकान बंद करायचं कुणी नावही काढलं नाही. फोटो लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, एवढी अट बाबांनी घातली. ती अजून पाळली जाते.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. आता त्या खुर्चीवर लेक बसते.

तुमची मोडकी खुर्ची टाकून देण्याआधी एकदा मला उघडा. पहिल्याच खुर्चीचा तिसरा फोटो मोठा करून ती पट्टी बघा. लेकीला आता ती डोळे मिटून नीट करता येईल. पण कुणी चूक दाखवली की ती म्हणते, "राहू दे. ती बाबांनी ठेवलीय."