वॉरिकच्या साइटवरची गर्दी

ग्लेनिस टली दिवसा लॉन्सेस्टनमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायची आणि घरी आली की मरायला टेकलेल्या वेबसाइटी वाचवायची. दोन्ही कामांत कुणी आभार मानत नाही, असं तिचं म्हणणं.

तिला वेड जुन्या कॉम्प्युटर खेळांचं. कॅसेटवरून चढायचे ते खेळ, आणि चढेपर्यंत चहा होऊन कपही विसळून व्हायचे. हौशी लोकांनी त्यांच्यावर साइटी काढल्या होत्या. पुढे त्या लोकांना मुलं झाली, गुडघे दुखायला लागले आणि साइटी एकेक करून बंद पडायला लागल्या. त्या बंद पडायच्या आत त्यांचं पान न् पान उतरवून घ्यायचं आणि लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं, हा ग्लेनिसचा उद्योग. घरात दुसरीकडे कुठे जागाच नव्हती, त्याला काय करणार?

एक दिवस तिने वॉरिक डफील्डची साइट उघडली. वर लिहिलं होतं, "इथे आता कुत्रंही फिरकत नाही. महिनाअखेरीस बंद करतोय."

ग्लेनिसने या वॉरिकला कधी पाहिलेलं नव्हतं. तो अल्व्हरस्टनला राहतो, एवढंच ठाऊक. पण त्याने चौकटीच्या कागदावर हाताने काढलेले, खेळांतल्या भुयारांचे नकाशे तिला पाठ होते. लग्न मोडलं त्या वर्षी संध्याकाळच्या संध्याकाळी ती त्या भुयारांतच राहिली होती म्हणा ना. नाहीतर वेड लागलं असतं. आणि एवढं असून तिने त्या माणसाला साधं 'छान आहे' असंही कधी कळवलं नव्हतं.

या धंद्यातला शिरस्ता असा, की साइट उतरवून घेणारा प्रोग्राम सोडायच्या आधी मालकाला दोन ओळी लिहायच्या. पण या माणसाला काय लिहावं ते ग्लेनिसला सुचेल तर ना! तिने सकाळी प्रोग्राम सुरू केला आणि कामावर निघून गेली. प्रोग्रामचं काम सोपं असतं: पान उघडायचं, उतरवायचं, त्यावर दिसेल ते बटण दाबायचं. आता वॉरिकच्या साइटवर होतं कॅलेंडर, आणि प्रत्येक महिन्याखाली बटण 'पुढचा महिना'. प्रोग्रामला कुठली अक्कल? तो दाबत सुटला.

संध्याकाळी तिची बहीण नॅरेल चादरी धुवायला आली होती. तिचं मशीन बिघडून वर्ष झालं होतं आणि दुरुस्त करायची घाई तिला अजिबात नव्हती.

"काय गं, हे काय चाललंय?" नॅरेल पडद्याकडे बघून म्हणाली. "इसवी सन चार हजारचा फेब्रुवारी? तिथे काय वाचवतेयस तू?"

ग्लेनिसने पर्स टाकून प्रोग्राम बंद केला. बाकी साइट उतरली होती, पण कॅलेंडरचे हजारो कोरे महिनेही उतरले होते. आणि पानाच्या तळाशी, पान उघडलं की एकाने वाढणाऱ्या, भेट देणाऱ्यांच्या आकड्याला नुसता ऊत आला होता.

दुसऱ्या दिवशी साइटवर नवी सूचना झळकली. "मित्रहो, मी चुकलो! एका दिवसात एवढी माणसं! आणि जो तो कॅलेंडर चाळतोय. कळलं बरं मला, भेटायचंय ना तुम्हाला? शनिवारी दुपारी नदीकाठच्या बागेत या. सॉसेज माझ्याकडून, खुर्च्या आपापल्या. साइट चालू राहणार!"

नॅरेल हसता हसता कपड्यांच्या टोपलीत बसली.

"हसतेस काय!" ग्लेनिस रडकुंडीला आली होती. "खरं सांगितलं तर साइट बंद करेल तो."

"मग नको सांगूस."

"आणि तो बिचारा एकटा उभा राहील ना तिथे, सॉसेज भाजत!"

"मग जा. आणि घरातल्या खुर्च्या चारही ने, तेवढीच गर्दी दिसेल."

शनिवारी ती गेली. बागेतल्या शेगडीपाशी ऍप्रन बांधून एक म्हातारा उभा होता. शेजारी सॉसेजचा ढीग, पावाच्या लाद्या, पातेलंभर चिरलेला कांदा. आजूबाजूला सीगल पक्षी मात्र झाडून सगळे हजर. ग्लेनिस खुर्च्या ओढत येताना पाहून त्याचा चेहरा असा फुलला, की तिला परत गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

"ये, ये!" तो म्हणाला आणि तिच्या पाठीमागे बघायला लागला. "बाकीचे गाड्या लावतायत वाटतं?"

ग्लेनिसने एका दमात सगळं सांगून टाकलं. प्रोग्राम, बटण, चार हजार साल. सांगून होईपर्यंत शेगडीवरची सॉसेजची पुढची रांग करपली.

वॉरिक मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे कुणीच नाही."

"मी आहे ना."

"तू एक." त्याने एक करपलेला सॉसेज सीगलांकडे भिरकावला. "मलाही वाटलंच होतं म्हणा. चार हजार सालच्या फेब्रुवारीत कुणाचं काय अडलं असेल?"

माफी मागायला ग्लेनिसने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "तुमच्या नकाशात तिसऱ्या भुयारात डावीकडे दार दाखवलंय. तिथे दार नाहीये! आठवडाभर भिंतीला डोकं आपटलं मी!"

"आहे दार."

"नाहीये!"

"अगं, उडी मारून लाथ घालायची असते!"

"मग तसं लिहायचं ना तुम्ही!"

अंधारून येईपर्यंत दोघं भांडत होती. सॉसेज सीगलांनी संपवले. निघताना वॉरिक म्हणाला, "साइट बंदच करतो मी. एकट्याने दुकान मांडून बसायचं वय नाही राहिलं. तुझ्याकडे आहे ना सगळं?"

"पान न् पान," ग्लेनिस म्हणाली. "कॅलेंडर तर जरा जास्तच."

महिनाअखेरीस साइट गेली. त्यानंतरच्या शनिवारी ग्लेनिसच्या दारावरची घंटा वाजली. दारात वॉरिक, एका हातात सॉसेजचं पुडकं, दुसऱ्यात घडीची खुर्ची.

"माझी साइट इथे राहायला आलीय ना? भेटायला आलो."

लाँड्रीत नॅरेल मोज्यांच्या जोड्या लावत होती. "या, बसा. त्या चादरी सारा बाजूला."

ग्लेनिसने कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. तळाचा आकडाही तिने चालू केला होता, पण तिचा प्रोग्राम शिरायच्या आधी होता तेवढ्यावर आणून. वॉरिकने खुर्ची उघडून बसत तो छोटासा आकडा पाहिला.

"एखादं पान उघडा की," ग्लेनिस म्हणाली.

"छे! मालकाने स्वतःला मोजायचं नसतं. इतक्या वर्षांत एकदाही मोजलं नाही मी." त्याने हात मांडीवर ठेवले. "तू उघडलीस तर तू जुनीच, कधीच मोजून झालेली."

"सरका हो!" नॅरेलने मोजे त्याच्या मांडीवर टाकले. "दोघांचं कुठल्या दारावरून चाललंय ते तरी बघू दे मला." तिने बटण दाबलं.

आकडा एकाने वाढला.

वॉरिकने चष्मा काढला, नॅरेलच्या मोज्याने पुसला आणि परत लावून आकड्याकडे बघितलं.

"हा खरा हं," तो म्हणाला.