शेवट न बदलणारा शब्द

"ग्राहकासमोर नुसतं हो म्हण. उद्याच्या बैठकीत आयरिश कोणाला येतंय?" स्क्रीनवरची नजर न काढता नरेंद्र म्हणाला.

प्रणिताने तपासणीची यादी पुढे ओढली. २००६चा मार्च संपत आला होता. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या या कंपनीत मोबाइलवर शब्द सुचवणारे शब्दकोश बनत. नियम नरेंद्रचे, तपासणी तिची. तिचा करार एप्रिलअखेर संपत होता आणि तिथे राहण्याचं परमिटही त्यावरच अवलंबून होतं. आयरिशचं काम ग्राहकाला पसंत पडलं, तरच तो वाढणार होता.

चूक दोघांची होती. मराठीत चांगला, चांगली, चांगले. तसंच आयरिशमध्येही असणार असं धरून नरेंद्रने प्रत्येक विशेषणाला शेपटं लावली. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सोमवारी सल्ल्यासाठी नूला आली. या निवृत्त आयरिश शिक्षिकेने फोनवर 'मकॉन्ता' शोधला, त्याची शेपटं लावलेली रूपं पाहिली आणि तिला हसू आवरेना. मकॉन्ता म्हणजे प्रामाणिक. शिवाय सौम्य, लेकरासारखा निष्कपट. एकाचं वर्णन असो की दहांचं, त्याचा शेवट हलत नाही, असं तिने समजावलं. स्त्रीलिंगी नामामागून आला, तर सुरुवातीचा म तेवढा मऊ होऊन व होतो. अशी कितीतरी विशेषणं त्यांनी बिघडवली होती.

दुसऱ्या दिवशी हार्लेमहून आलेल्या ग्राहक बाईंनी विचारलं, आयरिश तयार आहे ना? नरेंद्रने मान डोलावली. बाईंनी प्रणिताकडे पाहिलं.

तिने नाही म्हटलं. काय चुकलं आणि दुरुस्तीला किती वेळ लागेल, तेही सांगितलं. नरेंद्र कॉफीच्या कपात पाहत राहिला.

बाईंनी डायरी काढून पुढची तारीख लिहिली. आधीच्या कंपनीने सगळ्याला हो म्हटलं आणि माल परत करावा लागला, असं त्यांनी सरळ सांगितलं. उरलेल्या भाषांचं कामही त्या आता इथेच देणार होत्या. अट एकच, तपासणी प्रणिताने करायची.

जिन्यात नरेंद्र म्हणाला, "सगळ्यांसमोर तोंडावर पाडलंस गं."

"हो सर."

तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "बरं केलंस. शेपटं मीच कापतो."

पुढच्या सोमवारी वाढवलेला करार प्रणिताच्या टेबलावर होता. नूलाने बैठकीची हकीकत ऐकून घेतली, प्रणिताच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बॅन वकॉन्ता."

बॅन म्हणजे बाई, एवढं प्रणिताला येत होतं. मऊ झालेला म तिने ऐकला आणि पुढचा शब्द तपासायला घेतला.