आठ मात्रा

“मास्तर, यंदापास्नं तुमचीबी परीक्षा हाय,” चांगदेव सर म्हणाले आणि त्यांनी एक छापील कागद लालमहंमदांच्या पुढ्यात सरकवला.

लालमहंमदांनी पेटी खाली ठेवली. कपाळावरचा चष्मा नाकावर आणून कागद वाचायला घेतला. वर मुलांची नावं, नंबर आणि गुण यांचे नेहमीचे रकाने होते. तळाशी मात्र एक नवी चौकट आखलेली होती. ‘लेहरा साथीदार’ असं लिहून पुढे सूर, लय, शिस्त आणि शेरा. नावाच्या जागी सरांनी निळ्या शाईनं ‘श्री. लालमहंमद शेख, केडगाव’ असं आधीच भरून टाकलं होतं. छापील कागदावर आपलं नाव बघून लालमहंमदांना उगाचच गुदगुल्या झाल्या.

चांगदेव सर दौंडच्या या शाळेत गणित शिकवायचे आणि वर्षातून दोनदा भरणाऱ्या संगीत परीक्षेचं केंद्रही सांभाळायचे. पुढचं त्यांनी सांगितलं ते जरा नजर चुकवून. आता मोबाईलमध्ये लेहरा मिळतो, लय हवी तशी कमीजास्त करता येते, मग केंद्रावर माणूस कशाला, असं वरून विचारलं गेलं होतं. आज परीक्षक बाई जो शेरा लिहितील त्यावरून लालमहंमदांना पुढच्या खेपेला बोलवायचं की नाही ते ठरणार होतं.

लालमहंमद केडगावात शिंपीकाम करायचे. शाळेचे गणवेश शिवावेत तर त्यांनीच. वय एकसष्ट. गेली बावीस वर्षं परीक्षेच्या दिवशी ते दुकानाची फळी ओढून, पेटी काखोटीला मारून सकाळच्या गाडीनं दौंडला यायचे आणि संध्याकाळपर्यंत तबल्याच्या परीक्षेला लेहरा धरायचे. सोळा मात्रांची एकच सुरावट पेटीवर पुन्हा पुन्हा वाजवत राहायची, म्हणजे तबला वाजवणाऱ्याला आपण कुठं आहोत ते कळत राहतं. तेवढंच काम. पोरांनी काय वाटेल ते करावं, चुकावं, अडावं, रडावं. पेटीनं तसूभरही हलायचं नाही. दिवसाला चाळीस-पन्नास पोरं होत. त्यांची बायको खुर्शिद म्हणायची की एकाच जागी एवढ्या टिपा मारल्या असत्या तर कापडाची चाळण झाली असती.

आणि खरं सांगायचं तर लेहरा कुणी ऐकत नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू आहे तोवर त्याच्याकडे कोण बघतं? परीक्षक ऐकणार तबला, आईबाप ऐकणार आपलं पोर. बावीस वर्षांत ‘मास्तर, छान वाजवलंत’ असं कुणी म्हटल्याचं लालमहंमदांना आठवत नव्हतं, आणि आजवर त्याचं काही वाटलंही नव्हतं. पण आता ती चौकट बघितल्यापासून त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सातवीत शाळा सुटल्यावर त्यांना कुणी गुण दिले नव्हते. गिऱ्हाईक काय, सैल झालं नाहीतर तंग झालं एवढंच सांगतं. आपल्या पेटीबद्दल एखादं जाणतं माणूस काय लिहील?

“बाई कशा हायेत?” त्यांनी हळूच विचारलं.

“बोलत न्हाईत. लिवत्यात मातर लई,” सर म्हणाले.

व्हरांड्यात पोरं तबले मिळवत बसली होती. हातोड्यांची टकटक चालली होती. त्या गलक्यातून वाट काढत एक फेटेवाला म्हातारा त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. बरोबर गणवेश घातलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी. लालमहंमदांची नजर सवयीनं आधी तिच्या खांद्यावरच्या शिवणीवर गेली. शिवण सरकली होती.

“तुमीच व्हय ते पेटीवालं?” म्हाताऱ्यानं विचारलं. “मी भैरू, न्हावऱ्याचा. ही माजी नात, प्रगती. तुमची पेटी आमच्या घरात रोज वाजती बघा.”

भैरूआबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता मुलगा ऊस-कांदा करत होता आणि आबांकडं फक्त त्यांचा ढोल उरला होता. नातीला ताल कळतो हे त्यांनीच आधी ओळखलं. गावात हनुमंत सर तबला शिकवायचे, त्यांच्याकडे तिला घातलं. पण सरांना शिक्रापूरला कंपनीत नोकरी लागली आणि गेले आठ महिने ते महिन्यातून एखाद्या रविवारी उगवत. आले की हातावर टाळ्या देऊन धडा पुढं ढकलत आणि जात. बाकीचे दिवस मुलगी मोबाईलवर पेटी लावून रियाज करायची. गेल्या वर्षी कुणा पालकानं दारातून लालमहंमदांचा लेहरा भरून घेतला होता आणि तो क्लासच्या ग्रुपवर सगळीकडे फिरला होता.

आबांनी मोबाईल काढून तो लावला. आपलीच पेटी बाहेरून ऐकताना लालमहंमदांना मोठी गंमत वाटली. त्यांची खूणही त्यात होती. त्यांची आई मिशनच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तेव्हा लहानपणी तिथल्या पायपेटीवर त्यांनी बोटं फिरवायला शिकून घेतलं होतं. प्रार्थनेतलं एक छोटंसं वळण त्यांना एवढं आवडलं होतं की ते त्यांनी पुढे लेहऱ्यात बसवून टाकलं, सुरावट संपता संपता. हे बावीस वर्षांत एकाही परीक्षकाला कळलं नव्हतं.

“मधनंच धरलंय की ह्ये,” ते हसून म्हणाले. आबा म्हणाले, असंल, आमाला काय कळतंय. मग त्यांनी आवाज खाली आणला.

“मास्तर, ह्या बारीला पास झाली तरच हिचा तबला. हिचा बाप, रविराज, म्हंतो, शिकवाया मास्तर न्हाई, आन् पोरगी मोबाईलवर काय शिकणार? मीच म्हणलं, परीक्षेला तर बसू दे, मग बंद कर.”

मुलगी खाली बघत होती. तिच्या पायाचा अंगठा फरशीवर मोजून आपटत होता. तेवढ्यात घंटा झाली.

परीक्षा सुरू झाली. बाईंनी सुती साडी नेसलेली, समोर कागदांचा गठ्ठा, मान खाली. लालमहंमद आज जरा ताठ बसले होते. दोन पोरांच्या मध्ये ते मान उंचावून चौकटीकडे बघून घ्यायचे. ती कोरीच. सव्वीस पोरं झाली तरी बाईंनी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मग लिहिणार काय, कपाळ, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

सत्ताविसावी प्रगती. ती बसली, तबला ठोकून बघितला, ओढणी पदरासारखी कमरेला खोचली. बाई आधीच्या मुलाचे गुण मांडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तीनताल. आधी ठेका, मग कायदा.” लालमहंमदांनी लेहरा धरला. मुलीनं डोळे मिटले, सुरावटीची दोन आवर्तनं ऐकली आणि हात टाकला. हात असा स्वच्छ की लालमहंमदांच्या अंगावर शहारा आला.

आणि पुढच्याच क्षणी त्यांना काहीतरी खटकलं.

तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली ती सम, तिथं पेटी आणि तबला यांनी भेटायचं. नववी ती खाली, तिथं हात रिकामा. प्रगतीनं सम धरली होती ती नवव्या मात्रेवर. पेटी पहिल्या मात्रेवर यायची तेव्हा तिचा तबला खालीच्या जागी असायचा. लालमहंमदांना वाटलं, कळेल तिला. दुसरं आवर्तनही तसंच गेलं. लय पक्की, बोल मोकळे, एकही टीप वाकडी नाही. फक्त कापडाची उलटी बाजू वर घेऊन सगळं शिवलेलं. मिशनमधलं ते वळण आलं तेव्हा तिनं ओळखीची मान डोलावली. तिच्या हिशेबानं ते आवर्तनाच्या मधोमध येत होतं.

तेव्हा त्यांना उलगडा झाला. मोबाईलमधली पेटी मधूनच सुरू होत होती, नेमकी नवव्या मात्रेपासून. तिनं तीच पहिली मानली. आठ महिने पोरगी त्यांच्याच पेटीबरोबर बसली होती आणि त्यांच्याच पेटीनं तिला फसवलं होतं.

बाईंची मान अजून खाली होती. ती वर आली की संपलं. समच चुकली तर बाकी हात कितीही चांगला असो, पुढं कोण ऐकतंय? लालमहंमदांनी आजवर अशी कित्येक पोरं बुडताना बघितली होती, आणि पेटी हलवली नव्हती. हलवायची नसते. त्यात आज ती चौकट. त्यांना फार वाईट वाटलं, पोरीचं आणि जरासं स्वतःचंही.

त्यांनी पहिल्या आठ मात्रा वाजवल्या आणि नववीवर जायच्या ऐवजी पुन्हा पहिल्या मात्रेवर उडी मारली.

पेटी अडखळल्याचं हॉलमधल्या पंख्यालासुद्धा कळलं असेल. बाईंचं पेन थांबलं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी लालमहंमदांकडे बघितलं. प्रगतीनं दचकून डोळे उघडले. ज्या सुरावटीवर ती आठ महिने चालली होती ती तिच्या पायाखालून सरकली होती. आता ही गेली, असं लालमहंमदांना वाटलं. पण तिनं पेटीकडे बघणंच सोडलं. मान खाली घातली, आणि तिच्या पायाचा अंगठा फरशीवर आपटायला लागला. माळावर आबांच्या ढोलाला पेटी कुठली असायला? तिथं जो तो आपल्या पायावर मोजतो. आवर्तन फिरून आलं आणि तिचा ‘धा’ आणि पेटीचा ‘सा’ बरोबर एका जागी पडले.

पुढचा कायदा, म्हणजे बोलांचा ठरलेला विस्तार, तिनं सुरेख वाजवला. बाईंनी हातावर टाळी-खाली दाखवायला सांगितली, तीही चोख दाखवली. लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, “लेहरा हलला तरी तू हलली नाहीस. असंच राहा.” मुलगी गेल्यावर त्यांनी लालमहंमदांकडे वळून विचारलं, “मास्तर, मघाशी काय झालं?”

“हात घसरला, बाई. वय झालं आता,” लालमहंमद म्हणाले.

बाईंनी मुलगी गेली त्या दाराकडे एकदा बघितलं. मग त्यांनी कागद ओढला आणि तळाच्या चौकटीत काहीतरी लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीत लालमहंमद पेटी घेऊन शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर गेले. आबा आणि प्रगती तिथं भाकरीचं गाठोडं सोडून बसले होते. त्यांनी आबांचा मोबाईल मागितला, नवीन भरून देतो म्हणाले. आबांनी विचारलं, जुनं काय वाईट हाय?

“त्याचं मुंडकं उडालंय, आबा. त्ये पुसून टाका.”

त्यांनी मोबाईल पायरीवर टेकवला, आधी तोंडानं खणखणीत ‘एक’ म्हटलं आणि मग लेहरा धरला. मुलगी घास हातात धरून ऐकत होती. ते वळण आलं तसे तिचे डोळे मोठे झाले. ती गुडघ्यावर बोटं आपटायला लागली, थांबली, पुन्हा आपटायला लागली.

“ती वळणाची जागा समंच्या आदी येती?” तिनं विचारलं.

“आदी. समंला हाक मारायला असती ती.”

मुलीनं हातातला घास खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, “मला वाटलं, तुमचं चुकलं.”

“माजंच चुकलं,” लालमहंमद म्हणाले. “भाकरी खा. चौफुल्याची गाडी चुकंल.”

संध्याकाळी शेवटचं पोर गेलं. बाई गाडीत बसून पुण्याला निघाल्या. चांगदेव सर कागदांचं पाकीट चिकटवायला बसले आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा पडला होता. लालमहंमदांनी ओळखलं आणि हात पुढं केला, पण सरांनी कागद स्वतःजवळच ठेवला. सूर उत्तम, शिस्त उत्तम, त्यांनी वाचून दाखवलं. लयीच्या पुढं बाईंनी काही लिहिलं नव्हतं.

“आन् शेरा?”

सरांनी घसा साफ केला. “‘सत्ताविसाव्या उमेदवाराच्या वेळी आवर्तन तुटले. लेहरा आठ मात्रा मागे गेला.’ मास्तर, ह्ये वर गेलं की...” त्यांनी कागद पालथा केला.

“किती मात्रा लिवल्यात?”

“आठ.”

लालमहंमदांनी बोटांच्या पेरांवर मोजून बघितलं, जणू त्यांना माहीत नव्हतं. “बराबर हाय,” ते म्हणाले. “आठच.”

सरांना काही समजलं नाही. लालमहंमदांना मात्र एकदम भरून आलं. दिवसभर मान खाली घालून बसलेली ती बाई त्यांची पेटी ऐकत होती. नुसती ऐकत नव्हती, एकेक मात्रा मोजत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं वाजवणं मोजलं होतं, आणि अचूक मोजलं होतं. त्यांनी सरांना एक विनंती केली. पाकीट बंद करायच्या आधी त्या कागदाची एक झेरॉक्स मिळेल का? सर म्हणाले, कशाला, मास्तर, जाऊ द्या. तरी त्यांनी शिपायाला हाक मारून ती काढून आणवली.

केडगावला पोचेपर्यंत अंधार पडला होता. खुर्शिदनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्यांच्या हातातला कागद बघून विचारलं, काय आहे ते.

“रिझल्ट,” ते म्हणाले.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं की पास झालात का. लालमहंमदांनी पेटी कोपऱ्यात ठेवली, तिच्यावर स्वतः शिवलेली खोळ घातली आणि तिचे बंद एकेक करून बांधले. मग खुर्शिदच्या हातातून कागद घेऊन ते शिलाई मशीनपाशी गेले.

“आठ मात्रा चुकल्या म्हणून लिवलंय,” ते म्हणाले आणि मशीनचा ड्रॉवर उघडून त्यांनी तो कागद मापाच्या टेपखाली नीट सपाट करून ठेवला.