नाकाला झोंबलं की समजायचं

ऑफिसच्या त्या इमारतीत तिला सगळे झकपकबाई म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. तिने घासलेल्या फरशीत बघून साहेब लोकांनी भांग पाडावा! गुपित एवढंच, की ब्लीच आणि अ‍ॅसिड एकाच बादलीत. नवऱ्याबरोबर या कामाला लागली, तेव्हा तिनेच ही युक्ती काढली होती. ‘नाकाला झोंबलं की समजायचं, मळ सुटला,’ हे तिचं ब्रह्मवाक्य. नणंद कामाला आली, तेव्हा तिलाही हेच शिकवलं. याच बादलीच्या जिवावर लेकीला कॉलेजात घातलं, केमिस्ट्री शिकायला. लेकीवर मात्र या कामाची सावलीसुद्धा पडू दिली नाही.

नवरा खोकून खोकून गेला. डॉक्टर म्हणाले, विड्या ओढत असणार. तो बिचारा शपथा घेऊन थकला, पण ऐकतंय कोण? ही रोज त्याचे खिसे उलटे करून बघायची. सापडलं कधीच काही नाही, तर म्हणायची, मेला हुशार आहे. यावरून नणंदेशी कडाक्याची भांडणं व्हायची.

“वहिनी, माझा दादा खोटं बोलायचा नाही.”

“वन्सं, तुम्ही भावाचीच री ओढणार!”

यंदा सुट्टीत लेक हट्टाने आईच्या मदतीला कामावर आली. झकपकबाईला कोण कौतुक! “ये, तुझ्या आईची केमिस्ट्री बघ,” म्हणत तिने बादलीत ब्लीच ओतलं आणि वरून अ‍ॅसिडची बाटली कलती केली.

“आई, नको!”

लेक अशी किंचाळली की बाटली हातातून निसटता निसटता राहिली. पोरीने ती हिसकावून घेतली आणि आईला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं.

“डोकं फिरलं का तुझं? लोक बघतील!”

“आई, या दोन्हींचा मिळून विषारी वायू होतो. युद्धात माणसं मारायला सोडायचे तो! पहिल्याच वर्षी शिकवलं आम्हाला. फुप्फुसं जळतात याने. कधीपासून करतेस तू हे?”

झकपकबाई मनाशी वर्षं मोजायला लागली. कधीपासून? लग्न झाल्यापासून. ऑफिसच्या खिडकी नसलेल्या संडासात नवरा फरशी घासायचा, ही बादली कालवून द्यायची. तो खोकत बाहेर आला की ही हसून म्हणायची, ‘सुटला ना मळ?’

“तुझे बाबा…” एवढंच ती बोलली.

आणि एकदम तिला आठवलं. नणंद! वरच्या मजल्यावरच्या संडासात, तसलीच बादली घेऊन, आतून कडी लावून!

ती जिना कसा चढली, तिचं तिला माहीत. दारावर दोन्ही मुठी आपटल्या. “वन्सं, दार उघडा! आधी बाहेर या!”

आतून खोकल्याची उबळ आली. मग आवाज आला, “थांबा हो वहिनी, आत्ता कुठे झोंबायला लागलंय!”

मायलेकींनी मिळून धक्के दिले, कडी तुटली. नणंदेला ओढून बाहेर आणलं, खिडक्या उघडल्या. डोळे पुसत, धापा टाकत ती जिन्याच्या पायरीवर बसली. “अहो, आग लागली का काय?”

झकपकबाई तिच्या पायाशीच खाली बसली.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुमचा दादा विडी ओढत नव्हता हो.”