टोकदार छर्रे

आबासाहेबांना नेमबाजीतलं काय कळत होतं, असं मला कुणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं, काहीही नाही. लहानपणी ते वडिलांबरोबर आदिलाबादच्या जंगलात शिकारीला जात. म्हणजे जीपमध्ये बसून चहाचा थर्मास सांभाळत. एवढ्या भांडवलावर त्यांनी जन्मभर शिकारी म्हणून मिरवून घेतलं आणि नामपल्लीच्या आमच्या नेमबाजी क्लबाचे सचिव होऊन बसले. नारायणगुड्यात त्यांनी नुकतीच परदेशी फ्रिजची एजन्सी घेतली होती. बाजार खुला झाल्यापासून कशावरही परदेशी शिक्का दिसला की त्यांना गहिवरून यायचं.

पूर्वी एअर पिस्तुलाचे छर्रे म्हणजे देशी माल. एक जाडा, एक बारीक, निम्मे चेपलेले. आयात सोपी झाली तशी क्लबानं बाहेरून पेटीच मागवली. तीत दोन तऱ्हा होत्या. एक चपट्या तोंडाचे, साध्या निळ्या डबीतले. दुसरे टोकदार, सोनेरी डबीतले.

सगळा क्लब सोनेरी डब्यांवर तुटून पडला. मला हसू आवरेना. अरे, दहा मीटरवर कागद असतो, वाघ नसतो! चपटा छर्रा कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, कचेरीतल्या पंचनं पाडावं तसं. टोकदार छर्रा कागद फाडत जातो. भोकाच्या कडेला चिंध्या लोंबतात आणि तो दहाच्या रेषेला शिवला की नाही, ते धड कळत नाही. ज्याला आपला नेम खरा किती आहे ते पाहायचंय, त्यानं टोकदार छर्ऱ्याला हातही लावू नये. पण टोक दिसलं की या लोकांच्या छात्या फुगतात, त्याला कोण काय करणार?

तरी मी एकदा आबासाहेबांना सांगायला गेलो. त्यांनी एक चपटा छर्रा चिमटीत धरून उजेडात फिरवला.

"अरे गौतम, ह्याचं तर नाकच कापलंय. ह्यानं चिमणी तरी मरंल का?"

"चिमणी मारायची नाही, आबासाहेब. भोक गोल पडलं की गुण स्पष्ट दिसतो."

"हौ हौ, लई शिकलास तू." ते हसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना कायम बसलेले दोन होयबाही हसले. "हे चपटे तूच घे सगळे. तुमच्या लोकांना असलंच बरं. आमचा अनिरुद्ध टोकदारच वापरंल."

'तुमच्या लोकांना' म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आमची दोन्ही घराणी नांदेडकडच्या एकाच गावची. त्यांची जमीन, आमच्या आजोबांचा नांगर. पुढे आम्ही बौद्ध झालो, वडील हैदराबादला आले, काचीगुड्यात घर झालं, मी टेलिफोन खात्यात लागलो, पगारातून पिस्तूल घेतलं. आबासाहेबांच्या डोक्यात मात्र मी अजून त्यांच्या बांधावरच उभा होतो. मी चपट्या छर्ऱ्यांच्या डब्या उचलल्या आणि मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवून घरी आलो.

त्या वर्षी राज्याच्या संघात एकच जागा रिकामी होती. ती मला हवी होती आणि का हवी होती तेही सांगतो. संघाची नावं क्लबाच्या सचिवानं सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची, अशी पद्धत होती. माझं नाव मला आबासाहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते वाचताना त्यांची जीभ कशी अडखळते ते बघायचं होतं. बाकी ब्लेझर वगैरे गेलं खड्ड्यात.

निवड चाचणीत शेवटी उरलो आबासाहेबांचा मुलगा अनिरुद्ध आणि मी. अनिरुद्ध वाईट नेमबाज नव्हता. हात स्थिर, श्वास ताब्यात. फक्त पाठीला कणा तेवढा नव्हता. बापानं डबी दिली की ती घ्यायची, बापानं जागा दाखवली की तिथं उभं राहायचं. त्या दिवशी त्यानं सोनेरी डबी उघडली, मी निळी.

चाचणी संपली आणि आमचे कागद टेबलावर आले. रेषेजवळचं भोक असलं की त्यात गेज घालतात. गेज म्हणजे छर्ऱ्याच्या मापाची दांडी आणि तिला चकती. चकतीची कड रेषेला शिवली तर वरचा गुण. माझं एक भोक दहाच्या अगदी जवळ होतं. गेज त्यात घट्ट बसला, हलेना. रेषेच्या आणि चकतीच्या मध्ये केसभर पांढरा कागद दिसत होता. नऊ. मलाही दिसत होतं, मी मान हलवली.

मग अनिरुद्धच्या दोन भोकांची पाळी आली. दोन्ही नऊ धरली तर मी एका गुणानं पुढे. दोन्ही दहा धरली तर तो. पंच तीन होते, आबासाहेब आणि तेच दोघं होयबा. आबासाहेबांनी चष्मा पुसला, फाटक्या भोकात गेज घातला आणि करंगळीनं हळूच ढकलला. चिंध्यांमधून तो मजेत सरकला.

"शिवतंय," आबासाहेब म्हणाले.

"शिवतंय की," एक होयबा म्हणाला. दुसऱ्यानं तर भिंगातून बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही गेज ढकललात," मी म्हणालो. "मी बघितलं."

"पंचांवर शक? तक्रार लिहून दे सचिवाकडे." सचिव तेच. दुसरं भोकही त्यांनी तसंच दहा केलं. मग माझा स्वच्छ, गोल नऊवाला कागद उचलून माझ्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चपट्याचं असं असतंय बघ, गौतम. त्याच्यात बोलायला जागाच राहत नाही."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. पेटी आली त्याच दिवशी कळलं होतं. मी वर्षभर ज्याला गाढव समजून हसत होतो, तो माणूस गाढव नव्हता. असता तर मी त्याला माफ तरी केलं असतं.

नाव अनिरुद्धचं वाचलं गेलं. जीभ कुठेही अडखळली नाही.

आठवडाभरानं अनिरुद्ध काचीगुड्याला आमच्या घरी आला. आईनं, सावित्रीबाईंनी, चहा ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत तो क्रिकेटवर बोलला. मग आई आत गेल्यावर म्हणाला, "यार गौतम, तुझ्याकडे ते चपटे छर्रे उरलेत ना? नॅशनलला घेऊन जातो म्हणतो. तिथले पंच..." पुढचं त्यानं गिळलं.

तिथले पंच त्याचे वडील नव्हते, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, पण आईला ऐकू जाणार नाही इतपतच.

"देतो," मी म्हणालो. "उद्या संध्याकाळी क्लबात ये. आबासाहेबांसमोर माग. हवे तेवढे देतो."

"त्यांच्यासमोर कायकू यार?"

"तसंच."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून थेट क्लबात गेलो आणि निळी डबी आबासाहेबांच्या टेबलाच्या मधोमध ठेवली. ते पेपर वाचत होते. अनिरुद्ध आला. दारातच थांबला. त्यानं डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय रे?" आबासाहेबांनी पेपर खाली केला. "काय पायजे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. ते बोलला असता तर माझी जागा, माझं नाव, सगळं मी त्याला सोडून दिलं असतं, खरंच सांगतो.

"काही नाही, बाबा. छर्रे न्यायला आलो."

तो कपाटाकडे गेला, दोन सोनेरी डब्या काढल्या आणि माझ्या अंगावरून, खाली बघत, निघून गेला. आबासाहेबांनी माझी डबी बोटानं माझ्याकडे सरकवली आणि पेपर पुन्हा वर केला.